दोरीपलीकडचे बॉनेट

पौषातले ऊन आमच्या वसाहतीत उशिरा उतरते. आधी पाण्याच्या टाकीवर, मग समोरच्या इमारतीत कठड्यावर टाकलेल्या गोधड्यांवर, आणि सगळ्यांत शेवटी आमच्या गॅलरीत. तोवर दोनदा चहा झालेला असतो, नाशिक रोड स्थानकातून सकाळच्या दोन-तीन गाड्या सुटलेल्या असतात, आणि घरातला टीव्ही बोलू लागलेला असतो. गेल्या रविवारी तो मोटारींविषयी बोलत होता. नव्या गाड्यांचा हंगाम सुरू झाला आहे, असे निवेदिका म्हणाली. द्राक्षांचा हंगाम, कांद्याचा हंगाम, तसाच हा. थंडी पडली की येणारा. तिने तो शब्द सहज वापरला असेल. आमच्या घराला मात्र तो हंगाम ओळखीचा आहे, त्याचा वाससुद्धा ओळखीचा आहे. तेल, ओला दगड आणि लोखंडाची बारीक पूड.

पडद्यावर चार जाणकार जगातल्या मोटारमेळ्यांची उतरंड लावत होते. जिनिव्हाचा मान एकेकाळी कसा पहिला होता, डेट्रॉइटची झळाळी कशी ओसरली, चीनमधल्या शहरांनी कशी आघाडी घेतली, दिल्लीच्या मेळ्याला आता कोणती पायरी द्यायची. एकजण म्हणाला की मेळ्यांचे दिवसच सरले. कंपन्या आपापल्या घरी पडदा उघडतात आणि लोक फोनवर पाहतात. दुसऱ्याने मान हलवून समारोप केला. "शेवटी प्रश्न एवढाच आहे, की जग ती गाडी पहिल्यांदा कुठे पाहतं."

मी कप बशीत आपटला. गॅलरीत पाठमोरे बसून बाबा मेथी निवडत होते. मान न वळवता ते म्हणाले, "बंद कर गं ते. सकाळी सकाळी कशाला कप फोडतेस?"

मी टीव्ही बंद केला. पण ते वाक्य बंद झाले नाही. जग पहिल्यांदा पाहते. कुठले जग? हे जग कुठून सुरू होते, त्याची वेस कुठे आहे, आणि नाशकाच्या औद्योगिक भागातली, अंबडची, बाबांच्या कामाची ती पत्र्याची शेड त्या वेशीच्या आत येते की बाहेर? कवितेच्या अभ्यासात माझी निम्मी हयात गेली. शब्द स्वच्छ धुऊन वापरावेत, एवढी एकच शिस्त मला तिथून मिळाली. म्हणून 'पहिल्यांदा' हा शब्द असा मळक्या हातांनी फिरवला जाताना पाहिला की माझे डोके तापते.

बारा हिवाळ्यांपूर्वी एक गाडी, म्हणजे तिचे बॉनेट, जगाने पहिल्यांदा अंबडमध्ये पाहिले. जग म्हणजे नऊ माणसे होती. त्यांतले एक माझे बाबा.

बाबा डाय फिटर होते. डाय म्हणजे पोलादाचा साचा. प्रेसखाली त्यात सपाट पत्रा दाबला की दरवाजाचा किंवा बॉनेटचा आकार उठतो. साच्याचा चेहरा जसा असेल तसा पुढच्या लाखभर पत्र्यांचा चेहरा होतो. यंत्र साचा कापून देते, पण त्याचा शेवटचा हात माणसाचाच असतो. तेलात बुडवलेला दगड घेऊन तो चेहरा घासायचा, एक पत्रा दाबून पाहायचा, त्यावर तळहात फिरवायचा, पुन्हा घासायचे. केसाच्या जाडीहूनही कमी असलेला उंचवटा डोळ्यांना दिसत नाही. तो तळहाताला लागतो, आणि तोही पातळ सुती मोजा घातलेल्या तळहाताला. कारण उघडी कातडी पत्र्याला चिकटते आणि मग खोटे सांगते. बाबा डोळे मिटून हात फिरवत. शेडमध्ये प्रेसचे दणके, ग्राइंडरची किंकाळी आणि कोणाचा तरी रेडिओ चालू असे. त्या साऱ्या गोंगाटात हा माणूस डोळे मिटून उभा असे.

त्या हातांसाठी आमच्या घराने काही नियम पाळले होते. बाबांनी मिरची चिरायची नाही. गरम पातेले उचलायचे नाही. संध्याकाळी खोबरेल तेल चोळायचे. मोज्यांची बादली वेगळी असे. आई ते साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, पीळ न देता, दोरीवर बोटे खाली करून वाळत घाली. हिवाळ्याच्या वाऱ्यात दोरीवरचे ते पांढरे पंजे हळूहळू हलत. मी त्यांच्याकडे बघत परीक्षेची उत्तरे पाठ करत असे.

आणि बाबांचा हात घरातही थांबत नसे. पोळीवरून, माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावरून, आईच्या नव्या लुगड्याच्या पोतावरून तो सहज फिरे. "हा कागद चांगला आहे," असे ते न वाचताच सांगत. एकदा बोरस्ते काका आमच्याकडे जेवायला आले होते. ते शेडमध्ये प्रेस चालवत. राहणारे पिंपळगाव बसवंतकडचे, भावासोबत द्राक्षाची बाग. ते आईला म्हणाले, "वहिनी, ह्या पगारेंच्या हातानं आमाला लय छळलंय. मशीन पत्रा पास करतंय, अन् हे डोळे झाकून नापास करत्यात."

"मशीन दहा ठिकाणी बघतं," बाबा म्हणाले. "हात सगळीकडे बघतो."

"मग आमची बागबी बघून जावा एकदा. कोणता घड आंबट निघनार, तेवढं हातानं सांगा."

आमच्या घरात आणखी एक रीत होती, आणि तिच्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. 'हात लावू नकोस' हे शब्द घरात उच्चारायचे नाहीत. हा नियम आजोबांचा. ते निफाड तालुक्यातल्या खेड्यात वाढले. तिथे त्यांना पाणी वरून ओतले जाई. ओंजळ खाली धरायची आणि घागरीपासून लांब राहायचे. नाशकात येऊन त्यांनी रेल्वेत खलाशाची नोकरी धरली, भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर लावली, आणि घरातल्या सर्वांना बजावले की या उंबऱ्याच्या आत ते तीन शब्द कोणी कोणाला म्हणायचे नाहीत. रांगणाऱ्या मुलालाही नाही. मूल चुलीकडे गेले तर त्याला उचलावे. काचेचे भांडे मागितले तर त्याच्या हाताखाली आपला हात धरावा. म्हणायचेच असेल, तर 'जपून' म्हणावे. मी शाळेत जाईपर्यंत मला हे शब्द ठाऊकच नव्हते. वर्गातल्या एका मुलीने तिच्या नव्या कंपासपेटीवरून ते मला ऐकवले, तेव्हा त्यांचा अर्थ मला तिच्या चेहऱ्यावरून लावावा लागला. तळहाताच्या जोरावर पोट भरणारा माणूस अशाच घरात घडावा, यात मला आता काही नवल वाटत नाही.

त्या हिवाळ्यात गाडी गुप्त होती. शेडच्या दारात पहारेकरी प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर तांबडी गोल चिकटपट्टी लावे. बाबा ती काढायला विसरत. आई ती नखाने सोडवून फ्रिजच्या दारावर लावून ठेवी. मार्गशीर्ष संपेपर्यंत तिथे तांबड्या टिकल्यांची एक नक्षी तयार झाली. गाडीचे नाव बाबांनाही माहीत नव्हते. ते तिला 'ती' म्हणत. "आज तिच्या डाव्या अंगाला थोडं लागत होतं. काढलं." पहाटे द्राक्षबागांत थंडीपासून घड जपायला पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर अंगावर घेऊन बोरस्ते काका शेडमध्ये येत. त्यांच्या स्वेटरचा धूर आणि बाबांच्या हातांचे तेल असा काहीतरी वास मला त्या महिन्याशी जोडलेला आठवतो. काका तो वास आमच्या घरीही आणत.

एका दुपारी पहिले निर्दोष बॉनेट निघाले. बाबांनी त्यावर पाच वेळा हात फिरवला आणि मोजा काढला. मोजा काढणे म्हणजे पास. शेडच्या शेठने पेढे वाटले.

फिटर मंडळींची एक चाल असते. आपली खूण साच्यावर ठोकायची, पण अशा जागी की ती पत्र्याच्या कडेला उठेल. आणि पत्र्याची ती कड पुढच्या टप्प्यात कापून भंगारात जाते. म्हणजे दर दणक्याला खूण उठते आणि पुढच्या दणक्याला कापली जाते. बाबांची खूण पिंपळाच्या पानाची होती. तिचा पंच, म्हणजे खूण ठोकायचा पोलादी ठसा, त्यांनी स्वतः घडवला होता. मला हे कळले तेव्हा मी चिडून विचारले होते, आत कुठेतरी, झाकणाखाली का नाही ठोकत? बाबा म्हणाले, "तिथं कंपनीचा नंबर असतो." त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितले की माझा राग कुठे ठेवावा ते मला समजेना. आज समजते. तो मी या पानांवर ठेवते आहे.

ते पहिले बॉनेट, कड न कापलेले, नमुना म्हणून शेडच्या भिंतीवर टांगले गेले. त्याच्यामागून निघालेली सहा बॉनेटे लाकडी पेट्यांत बंद होऊन कंपनीकडे रवाना झाली. महिन्याभरात दिल्लीकडच्या मेळ्यात गाडीवरचा पडदा उघडणार होता. पेट्या गेल्या, म्हणजे आपले बॉनेट मेळ्यात जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरले. शेठनेही. कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही.

आम्ही तिघे निघालो. बाबा, बोरस्ते काका आणि मी. आईला थंडी सोसत नाही, म्हणून ती मागे राहिली. काकांचा भाऊ ऐन मण्यांत पाणी भरायच्या दिवसांत बाग सोडून जातो म्हणून त्यांच्याशी बोलत नव्हता. आगगाडीत काका म्हणाले, "आमचा भाऊ म्हनला, लोखंड बघायला दिल्लीला चाललास, हितं घड तडकत्यात. मी म्हनलं, अरे, घड दरसाली येत्यात." बाबांच्या खिशात काहीतरी दुमडून ठेवलेले होते.

मेळ्यातला तो मंडप मला अजून जसाच्या तसा दिसतो. पायांखाली गालिचा इतका जाड की आपलीच पावले ऐकू येत नाहीत. नव्या रबराचा, नव्या रंगाचा आणि दमलेल्या अत्तराचा दर्प. संगीत कानांतून नव्हे, बरगड्यांतून आत शिरणारे. आमची गाडी फिरत्या चौथऱ्यावर होती, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा रेशमी कापडाखाली झाकलेली होती. मला वाटले, आम्ही अगदी वेळेवर आलो. मग कळले की दर तासाला तिला पुन्हा झाकतात, दिवे मंद करतात, आणि पुन्हा उघडतात. दर तासाला पहिल्यांदा. आमच्या शेजारी उभे असलेले एक कुटुंब दुसऱ्यांदा 'पहिल्यांदा' पाहायला थांबले होते.

कापड सरकले. ध्वनिक्षेपकावरची मुलगी म्हणाली, या बॉनेटवरची रेषा जणू वाऱ्याने कोरली आहे. मी बाबांच्या बोटांकडे पाहिले. अंगठ्याच्या नखाशी दगडाची राखाडी रेघ बसली होती. ती साबणाने कधीच गेली नाही.

बोरस्ते काकांनी बाबांचा दंड दाबला. "पगारे, आपली पोर नांदायला गेली बघा."

बाबा हसले नाहीत. त्यांचे डोळे बारीक झाले होते. छतावरच्या दिव्यांच्या लांब पांढऱ्या पट्ट्या बॉनेटवर उतरल्या होत्या, आणि चौथरा फिरे तशा त्या वाहत्या पाण्यासारख्या सरकत होत्या. बाबा म्हणाले, "लाट आहे."

"कुठं? मला नाय दिसत."

"डाव्या अंगाला. कडेपासून वीतभर. उजेड बघा, तिथं कमरेत वाकतोय."

आम्ही तीन फेरे पाहिले. तिसऱ्या फेरीला मलाही ते दिसले, किंवा बाबांना दिसले म्हणून दिसले. बाबा गर्दीतून वाट काढत मखमली दोरीपाशी गेले. त्यांनी खिशातून घडी काढली. पांढरा मोजा. तो नीट बोटाबोटांत चढवून त्यांनी दोरीवरून हात पुढे केला. अंगणातल्या झाडाकडे करावा, इतक्या स्वाभाविकपणे.

पहारेकरी विशीतला असेल. "अंकल, हाथ मत लगाइए."

"एक बार," बाबा म्हणाले. "सिर्फ देखना है. हमने बनाया है."

तो मुलगा हसला. दुष्टपणे नाही. "सब यही बोलते हैं, अंकल. पीछे."

मोज्यातला हात क्षणभर हवेतच राहिला. दोरी सगळ्यांसाठी होती, हे मला समजते. कोट घातलेल्यांनाही त्या मुलाने मागे सारले होते. पण साठ वर्षे आमच्या घरात न उच्चारलेले ते तीन शब्द बाबांना अशा वस्तूपुढे ऐकावे लागले, जी त्यांच्याच हाताने आकाराला आली होती असे ते समजत होते. याच नाशकात, एका देवळाच्या बंद दाराबाहेर, आमच्या आधीची माणसे वर्षानुवर्षे उभी राहिली होती. आजोबा त्यांत होते की नाही हे कोणी सांगत नाही. पण हवेत थांबलेल्या त्या हाताला ते सगळे ठाऊक असावे, असे मला तेव्हा वाटले. बाबांनी मोजा काढला. पास झाले म्हणून नव्हे.

परतीच्या प्रवासात ते खिडकीशी बसून होते, तळहात गुडघ्यावर उताणा. मनमाडच्या अलीकडे त्यांनी एकच विचारले. "ते आपलंच बॉनेट असेल ना?"

मी म्हणाले, "म्हणजे काय, बाबा? एवढ्या मोठ्या मेळ्यात, सगळ्या जगासमोर ठेवलंय. दुसरं कशाला ठेवतील?"

हे माझे वाक्य. ते मी पुसणार नाही. कारण ज्या जाणकारांवर मी आज कप आपटते, त्यांच्यासारखीच मीही मेळ्याच्या मोठेपणाला पुरावा मानून बसले होते. मोठ्या जागी दिसले ते खरे, आणि अंबडच्या शेडमध्ये डोळे मिटून तळहाताला कळले ते संशयास्पद, हा हिशेब माझ्याच तोंडून बाहेर पडला.

बाबांनी तो मानला. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या नमुन्यावर त्यांनी हात फिरवला; हात म्हणाला, काही नाही. डोळ्यांनी मेळ्यात लाट पाहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हाताला खोटे ठरवले. डाय उघडून, डाव्या अंगाला, कडेपासून वीतभर, त्यांनी दगड चालवला. आठ दिवस, कोणाला न विचारता, थोडे थोडे. जिथे काहीच नव्हते तिथे.

पुढचा पत्रा दाबला तेव्हा लाट खरीच उठली. आता मशीनलाही दिसली.

साचा बिघडला. वेल्डिंगने धातू भरून तो चेहरा पुन्हा घडवावा लागला. ते काम दुसऱ्या फिटरकडे गेले. शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने बाबांना काढले नाही, स्टोअरमध्ये बसवले. नट-बोल्टांचे खोके, ग्रीसचे डबे, मोज्यांचे गठ्ठे. ज्यांचे काम हाताचे होते त्यांना मोजे काढून देण्याचे काम बाबांच्या हाताला आले.

चैत्रात कंपनीचा एक अधिकारी दुरुस्त साचा पाहायला आला. बोरस्ते काकांनी चहा देताना त्याला विचारले, "साहेब, मेळ्यातल्या गाडीलाबी तिथंच लाट होती, तिचं काय केलं?" अधिकारी हसला. ती? ती तर फायबरची होती, तो म्हणाला. वेगळ्याच कच्च्या साच्यातून काढलेली नुसती कवटी. आत इंजिनही नव्हते. बरेचदा मेळ्यात असेच ठेवतात. सगळ्यांना माहीत असते.

काका त्या संध्याकाळी आमच्या घरी आले आणि बसले नाहीत. उभ्यानेच सगळे सांगितले. "सगळ्यांना म्हाईत असतंय म्हनला. सगळ्यांना. मंग आपन कोन?"

बाबांनी एवढेच विचारले, "आपल्या पेट्या?"

"त्या गाड्या भिंतीवर आपटून बघत्यात ना, तिकडं गेल्या."

बाबा उठले आणि मोरीत जाऊन हात धुऊ लागले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

माझा संताप तिथून सुरू होतो. मला नटण्याचा राग नाही. पडद्याचा तर नाहीच. कवितेला पडदा कळतो. सुरगाण्याकडच्या बोहाड्यात मी रावणाचा मुखवटा नाचताना पाहिला आहे. तो लाकडाचा आहे हे तिथे कोणी लपवत नाही, आणि मी गेले होते तेव्हा तो कोरणारा म्हातारा सगळ्यांत पुढे बसून, नाचणाऱ्याची मान कुठे चुकते ते मोठ्याने सांगत होता. मुखवट्याला मुखवटा म्हणा, मग खुशाल दिवे लावा. पण इथे सोंगाला गाडी म्हटले गेले, गाडीला चाचणीच्या भिंतीवर चिरडले गेले, आणि सोंगाभोवती मखमली दोरी बांधून खऱ्या हाताला मागे लोटले गेले. आणि हे गुपित कोणापासून? स्पर्धकांना ठाऊक होते. पत्रकारांना ठाऊक होते. त्या चौघा जाणकारांना निश्चित ठाऊक असेल. ज्यांच्या फोनवर तांबड्या चिकटपट्ट्या लावल्या, त्या नऊ जणांना तेवढे ठाऊक नव्हते. मेळ्यांची उतरंड लावता ना? मग ती नीट लावा. सर्वांत खालच्या मडक्याचे नाव अंबड आहे, आणि ते काढले की वरची सगळी खाली येतात.

त्या चैत्रानंतर बाबांनी तळहात कशावर ठेवलेला मी पाहिला नाही. पोळी ते दोन बोटांनी उचलत. माझा पहिला कवितासंग्रह मी त्यांच्या हाती दिला तेव्हा त्यांनी तो कडांनी धरला, डोळ्यांनी पाहिला, "चांगला आहे" म्हणाले. कागदावरून हात फिरला नाही. मी वाट पाहत उभी राहिले होते. निवृत्तीनंतर तर ते नळाची गळती, दाराची फट, सगळे आईलाच बघायला सांगू लागले. विचारले तर म्हणत, "माझा हात चुकतो. चांगल्या साच्यावर यानंच दगड चालवला."

गेल्या रविवारी टीव्ही बंद करून तासभर झाला असेल. खाली हॉर्न वाजला. बोरस्ते काकांचा टेम्पो. दरवर्षी ते पहिल्या तोडणीची द्राक्षे आणतात. पण या वेळी क्रेटांच्या मागे गोधडीत गुंडाळलेले काहीतरी रुंद, आडवे टेकवलेले होते. ते मॉडेल बंद झाले आहे, काका सांगत होते. साचा भट्टीत गेला, शेडच्या भिंती रिकाम्या करत आहेत. "मी शेठला म्हनलं, भंगारात देऊ नका, मी नेतो. शेठ म्हनला, ने."

त्यांनी आणि वसाहतीच्या पहारेकऱ्याने मिळून ते उतरवले आणि आवारातल्या सिमेंटच्या बाकावर ठेवले. काकांनी गोधडी ओढली. दिवे नव्हते, संगीत नव्हते; वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. बारा वर्षांत तेलाने काळवंडलेले, कडेला गंजाची लाली धरलेले, तरी मधोमध त्याच रेषेने उठलेले बॉनेट. कड न कापलेले.

बाबा दोन पावले दूर थांबले. "आता कशाला आणलंत? माझा हात गेला."

"हात जातोय कुठं? अंगालाच हाय की," काका म्हणाले. "ऐका. तुमच्या मागनं डाय दुरुस्त केली ती कशावर बेतून? ह्याच्यावर. दुसरं माप होतंच कुठं? रस्त्यानं जेवढ्या गाड्या धावल्या, तेवढ्या ह्याच्यावरनं. हे मी तुमाला आधीच सांगाया पायजे होतं. माझी जीभ रेटली नाय."

आई घरात जाऊन आली. तिच्या हातात मोजा होता, साठवणीत पिवळा पडलेला, घडीवर घडी असलेला. तिने तो बाबांना दिला नाही. बॉनेटच्या शेजारी, बाकावर ठेवला.

बाबांनी तो चढवला. डोळे मिटले. तळहात उजवीकडून निघाला, रेषा ओलांडून डावीकडे आला, आणि कडेपासून वीतभर अंतरावर थांबला. मागे गेला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा तो इतका हळू फिरला की ऊन आणि हात यांतले आधी कोण सरकते आहे, ते मला सांगता येईना.

"काही नाही," बाबा म्हणाले.

त्यांचा तळहात तिथेच टेकून राहिला.

"इथं काही नव्हतंच."

हात तसाच पुढे सरकला, कडेवरून बाहेर, त्या जास्तीच्या पट्टीवर, आणि तिथे त्याला पिंपळाचे पान लागले. बाबांनी डोळे उघडले नाहीत. अंगठा पानाच्या देठावरून टोकापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी मोजा काढला.

एव्हाना जिन्यात, गॅलऱ्यांत माणसे गोळा झाली होती. पहारेकरी सर्वांत जवळ होता, हात पाठीमागे बांधून, मान पुढे काढून. "काय आहे हो, काका?"

"गाडीचं बॉनेट आहे," बाबा म्हणाले. "मी केलं. लावा हात."

"डाग पडंल माझ्या हाताचा."

"पडू द्या. लावा."

त्याने पँटला हात पुसला आणि पुढे केला. मागून आणखी दोन हात आले.

"जपून," आई म्हणाली. "कड कापते."